गिळतो तो गिऱ्हाईक

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. टाकी घासून घासून कंबर धरली आहे, तेव्हा आठातली चारच अंगं समज, बाकीची बरं वाटलं की पाठवते.

सोबत तीन बाटल्या आहेत. मामीला सांग, फिनेल नाही, मोरीत ठेवू नकोस. ही बिअर आहे आणि ती मी केलेली आहे. आमच्या कारखान्याच्या मास्तरांच्या हाताखाली केलेली नाही, अख्खी माझी. गेल्या जूनमध्ये त्यांनी सगळ्यात मागची आठशे लिटरची टाकी मला दिली आणि म्हणाले, "कर काय करायचं ते." मी इम्पीरिअल स्टाउट करायला घेतली. म्हणजे बिअरच्या खानदानातली सगळ्यात काळी, सगळ्यात जड आणि सगळ्यात कडक. नेहमीच्या दुप्पट धान्य, त्यातलं काही कोळशासारखं होईपर्यंत भाजलेलं, आणि मग आठ महिने गप्प बसायचं. यातलं गप्प बसणं मला किती जमतं ते तुला ठाऊक आहे.

आमच्या कारखान्यात मास्तरांचा एक नियम आहे: ज्याची टाकी, त्याची जीभ. ज्याने बिअर केली त्यानेच चाखायची आणि त्यानेच सांगायचं, 'भरा' की 'ओता'. मध्ये दुसरं कोणी बोलायचं नाही, मास्तरसुद्धा नाही. मला वीस तारखेला सांगायचं आहे. 'भरा' म्हटलं की बाटल्या भरायच्या. 'ओता' म्हटलं की सगळी गटारात, कारण महिनाअखेर त्या टाकीत उन्हाळ्याची हलकी बिअर पडायची आहे. मास्तर वर्षअखेर घरी बसणार आणि त्यांच्या जागी कोण, हे याच टाकीवरून ठरेल अशी कुजबुज आहे.

आणि मामा, मला काही कळेनासं झालंय. आठ महिने रोज चमचाभर चाखून जीभ कामातून गेली. सकाळी वाटतं अमृत, दुपारी वाटतं बूटपॉलिश. नासकी बिअर 'भरा' म्हणून बसले तर परत टाकी मिळायची नाही, आणि चांगली ओतून दिली तर मी स्वतःला माफ करणार नाही.

तू एक्केचाळीस वर्षं चहा चाखलास. तुझ्या एका 'हं'वर मळ्याच्या मळ्याचा माल उभा राहायचा नाही तर आडवा व्हायचा. मी सात वर्षांची असताना तू माझे डोळे बांधून अकरा डबे हुंगायला लावलेस, आणि मी लवंगेच्या डब्याला 'दाताचा डॉक्टर' म्हटलं. तेव्हा तू मामीला म्हणालास, नकटीला नाक आहे. त्या एका वाक्यावर मी हा धंदा निवडलाय, तेव्हा जबाबदारी तुझी आहे.

मास्तरांचा नियम मोडतेय, कोणाला बोलू नकोस. फोनही करू नकोस. तुझंच म्हणणं ना, फोनवर चवीबद्दल बोलणारा थापा मारतो, कागदावर लिहिताना निदान लाजतो. तेव्हा लाजून लिही.

तुझी नकटी

८ फेब्रुवारी

चि. नकटी हीस अनेक आशीर्वाद.

पार्सल गुरुवारी आलं. तुझी मामी ते छातीशी धरून दारातच विचारायला लागली, भाचीने तीन बाटल्या पाठवल्या म्हणजे लग्न ठरलं की मोडलं? मी म्हटलं, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, हे सतराशे एकावं, पण जरा वेगळ्या जातीचं.

पत्र तीनदा वाचलं. मग माळ्यावरून पेटी काढली. पांढरे कप, झाकणं, वाळूचं घड्याळ, तो लांब ॲप्रन, सगळं जागच्या जागी होतं. ॲप्रन पोटापाशी बसेना, म्हणून मागे मामीची हेअरपिन लावली. तुला सांगतो, निवृत्त झाल्यापासून चार वर्षांत एका माणसाने मला 'जरा चाखून बघता का' असं विचारलेलं नाही. इथला दुकानदार चहाची पुडी देताना म्हणतो, "घ्या काका, छान आहे." हे तो मला सांगतो. आणि मी घेतो.

आता कामाचं. टेबलावर पांढरा कपडा घातला, कप ओळीने मांडले, थुंकायला मामीने मोडक्या दांड्याची बादली दिली. बाटली फ्रीजमध्ये चांगली चार तास ठेवली होती, बिअर थंडगार हवी एवढं ज्ञान मलाही आहे. आमच्या धंद्यात प्रत्येक नमुना दोनदा चाखतात, एकदा कोरा आणि एकदा दूध घालून. नियम तो नियम, म्हणून दूध घातलं.

त्यानंतर जे झालं त्याला मी जबाबदार नाही. ते फुगलं, फाटलं, कपाबाहेर आलं आणि कपडाभर पसरलं. निकाल: दुधासह नापास. कोऱ्याचा निकाल राखून ठेवला आहे, कारण गारठ्याने जीभ बधिर झाली होती. पहिली बाटली संपली, दोन उरल्या आहेत. घाई करू नकोस, मीही करणार नाही.

तुझा मामा

ता. क. मी मामी. कपडा धुतला, डाग गेला नाही, राहू दे. हे सकाळपासून शीळ घालतायत. दाढी रोज करतायत. बये, तुझं काय व्हायचं ते होऊ दे, पण ह्यांना अधूनमधून काहीतरी चाखायला पाठवत जा.

११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

दूध? मामा, दूध?

मी पत्र बसमध्ये उघडलं आणि 'फुगलं, फाटलं' इथे इतकी हसले की शेजारच्या बाई पिशवी उचलून दुसऱ्या सीटवर गेल्या. माझ्या आठ महिन्यांच्या लेकराला तू दुधाने न्हाऊ घातलंस. चूक माझीच आहे, बाटलीसोबत चिठ्ठी द्यायला हवी होती.

तर ऐक. दूध नाही, साखर नाही, मामीने दिली तरी वेलची नाही. बाटली फ्रीजमधून काढ आणि तासभर विसरून जा. लोणी मऊ होतं पण वितळत नाही, तेवढी ऊब हवी. कपात नको, पोट असलेला ग्लास घे, वर निमुळता, म्हणजे वास आतच फिरत राहतो. अर्धाच भर. मग आधी नाक, मग जीभ, आणि मध्ये मध्ये नुसतं बसायचं. ही बिअर आपलं म्हणणं एका दमात सांगत नाही.

इकडे मास्तर दिवसातून दोनदा माझ्या टाकीवरून जातात आणि तिच्याकडे बघतही नाहीत. त्यांचं ते न बघणं मला पाठीला जाणवतं. काल म्हणाले, "ठरलं?" मी म्हटलं, "विचार चालू आहे." ते नमुन्याच्या फळीकडे बघत राहिले. तिथे बारा बाटल्या हव्यात आणि आता नऊ आहेत. मी गाळणी उचलून धुवायला निघाले, कान गरम झालेले.

वीस तारखेला आता नऊ दिवस राहिले. जीव टांगणीला आहे आणि तरीही त्या दुधाची आठवण आली की हसू फुटतं. काल गाळणी धुताना एकटीच हसत होते, तर बाटल्या भरणाऱ्या दोघी माझ्यासाठी लिंबूपाणी घेऊन आल्या. त्यांना वाटलं, वाफ डोक्यात गेली.

तुझी, अजून टिकून असलेली,
नकटी

१५ फेब्रुवारी

चि. नकटी हीस आशीर्वाद.

तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. ग्लास समोरच्या शिक्षिकाबाईंकडून मागून आणला, आणि मामी हात लावेल म्हणून कपाटात कुलपात ठेवला. बाटली तासभर विसरायची म्हणालीस, ते मात्र जमलं नाही. मी समोर खुर्ची टाकून बसलो होतो.

रंग: ग्लास खिडकीसमोर धरला, खिडकी दिसेना. फेस: दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा आणि जागचा न हलणारा. वास: इथे मी पेन खाली ठेवून मामीला हाक मारली. आधी करपलेली साखर आली. मग मनुका. मग कोरी चामड्याची चप्पल, दुकानातून घरी आणून खोकं उघडतो तेव्हाची. आणि सगळ्यांच्या मागे काहीतरी गोड, काळं, जुन्या औषधाच्या कपाटासारखं. मी ग्लासात नाक घालून पाच मिनिटं होतो. मामी म्हणाली, बाहेर या, नाहीतर अडकाल.

जिभेवर ती दणक्यात येते. जाड आहे, तेलासारखी फिरते. कोको, काकवी, कडू कॉफी, एकामागून एक येतात आणि रांग मोडत नाहीत. नकटे, मला चहाच्या बाहेरचं काही इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, हे मी लाजून लिहितोय.

पण शेवट नाही.

जिभेवर राज्य करते आणि निघून जाते. मागे काही उरत नाही. घसा कोरडाच्या कोरडा. मला वाटलं माझी चूक असेल, म्हणून नियमाप्रमाणे कोमट पाण्याने चूळ भरून पुन्हा चाखली. एकूण सहा वेळा. सहाही वेळा तेच. एखादा पाहुणा छान बोलला, छान हसला, आणि गेल्यावर कोण होता ते आठवेना, तसं. दुसरी बाटली त्यातच संपली.

तू खरं विचारलंस म्हणून खरं लिहितो. भाची म्हणून दोन गुण वाढवून द्यायचे तर जिभेला हाड नसतं, ती कुठेही वळेल, पण माझी वळत नाही. मी असतो तर हा माल बाजारात सोडला नसता. हे लिहून मी बराच वेळ खिडकीशी उभा होतो. मला वाईट वाटतंय.

तुझा मामा

१८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पत्र मिळालं.

तुला माहीत नसणार म्हणून सांगते. हलक्या बिअरला शेवट नसला तरी चालतो, ती तहानेसाठी असते. इम्पीरिअल स्टाउटचं मात्र सगळं भांडवल शेवटातच असतं. घोट संपल्यावर ती सुरू व्हायला हवी. शेवट नसेल तर ती नुसती काळी आहे, आणि काळं काय, डांबरही असतं.

तुझं पत्र घेऊन टाकीसमोर बसले होते. वाटलं, एकदा चाखून बघावी. हिंमत झाली नाही. तू सहा वेळा चाखलीस, मी सातव्यांदा चाखून काय मोठा शोध लावणार? चहापेक्षा किटली गरम असं व्हायला नको.

तेव्हा ठरलं. गुरुवारी, वीस तारखेला, अकरा वाजता मी मास्तरांना 'ओता' म्हणणार आणि नळ स्वतःच्या हाताने उघडणार. गटारातल्या उंदरांना निरोप दिला आहे, जेवण आहे म्हणून. त्यांनाही शेवट मिळायचा नाही, पण ते तुझ्याइतके चोखंदळ नसावेत.

खरं सांगितलंस म्हणून आभार. खोटं सांगितलं असतंस तर मला जास्त आनंद झाला असता, हेही खरंच आहे.

तुझी नकटी

२० फेब्रुवारी

चि. नकटे,

मी मामी लिहितेय. अक्षराकडे बघू नकोस, ओळ सरळ आहे, कागद वाकडा आहे.

सकाळी तुझं पत्र आलं. ह्यांनी वाचलं, माझ्या हातात दिलं, आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून फिरायला निघून गेले. मी वाचलं आणि उठले. बघते तर तुझी तिसरी बाटली ओट्यावर, कोणी हात न लावलेली. म्हटलं, पोरीने आठ महिने राबून केली, गटारात जायच्या आधी घरच्या एका माणसाने ती धड प्यायला नको का? तो पोटाचा ग्लास कुलपात. मग मी फुलदाणी विसळून घेतली. पोट तिलाही आहे.

पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं. दुसऱ्याला सरळ झालं. तिसऱ्याला मी खुर्ची ओढून बसले. अगं, शेवट नाही म्हणे? ती घशात उतरली आणि तिथेच ठाण मांडून बसली. मग गरम गरम खाली गेली, छातीत, पोटात, गुडघ्यात. माझा डावा गुडघा दुखतो ना, तो आत्ता दुखत नाहीये. मी जाऊन दोरीवर कपडे वाळत घातले, सहा शर्ट आणि दोन चादरी, परत आले, तरी ती आहेच. कडू, मग गोड, मग परत कडू. तुझ्या मामाला ही सापडली नाही?

मग उठून ती मोडक्या दांड्याची बादली उचलायला गेले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बादलीत काळ्या बिअरचं तळं होतं. नकटे, तुझ्या दोन्ही बाटल्या त्या बादलीत आहेत. ह्या माणसाने तुझ्या बिअरचा एक थेंब गिळलेला नाही. भुरका मारायचा, तोंडात फिरवायचा, बादलीत थुंकायचा आणि वर चूळ भरायची. मग शेवट कुठून सापडणार? शेवट बादलीला सापडला.

ह्यांच्या गुरूंनी पहिल्याच दिवशी ह्यांना सांगितलं होतं, चाखतो तो पारखी, गिळतो तो गिऱ्हाईक. तेव्हापासून हे चाखायला दिलेलं काही गिळत नाहीत. आणि ह्यांना सगळं चाखायलाच दिलेलं असतं. सदतीस वर्षं मी ह्यांच्यापुढे चहा ठेवतेय. एक भुरका, 'पाणी जास्त उकळलंय, साखर कमी आहे', आणि कप खाली. पुरा कप प्यायलेलं मी कधी बघितलेलं नाही. मला वाटायचं, माझा चहाच तसा. सदतीस वर्षं वाटायचं, नकटे. कधी बोलले नाही, पण वाटायचं. आत्ता फुलदाणी हातात धरून कळलं की दोष चहाचा नव्हता. मी थोडी रडले आणि मग इतकी हसले की शिक्षिकाबाई बघायला आल्या. त्यांनाही दिली. त्या म्हणतात, कमाल आहे.

घरात मी धडधाकट जीभ घेऊन बसलेय आणि तुम्ही दोघं पोस्टाने चव पाठवताय. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तुला तीनदा फोन लावला, उचलत नाहीस. टाकीच्या खोलीत फोन नेत नाहीत म्हणे. चौथ्यांदा लावला असता, पण आकडे हलतायत. आज वीस तारीख आहे हे आत्ता भिंतीवर बघितलं. म्हणजे हे पत्र पोचेल तेव्हा सगळं होऊन गेलेलं असेल. तरी लिहितेय, कारण हात थांबत नाहीये. ओतू नकोस गं. माझं ऐक. मी गिळली आहे.

मामी

२० फेब्रुवारी, संध्याकाळी सहा

प्रिय मामा,

तू चुकलास.

हे वाक्य मी चार वेळा खोडलं, पाचव्यांदा पेन बदलून लिहिलं. आता ते राहील.

अकरा वाजता गमबूट घालून मी टाकीपाशी गेले. मास्तर ऑफिसात होते. त्यांना सांगायच्या आधीच सुरुवात करावी म्हटलं, म्हणजे मग तोंडातून शब्द निघाला नाही तरी चालेल. नळ उघडला. पहिली बादली भरली, ती गटाराच्या जाळीवर ओतली. आणि तिथून तो वास वर आला. तोच, तू लिहिलेला, करपलेली साखर, मनुका आणि तुझी ती कोरी चप्पल. चांगला वास गटारातून आला की फार अपमान वाटतो. मी नळ बंद केला.

मग एक ग्लास भरला आणि उलट्या क्रेटवर बसले. माझ्या लक्षात आलं की आठ महिन्यांत मी हिचा चमचा चाखलाय, ग्लास प्यायलेला नाही. तपासनीस होऊन आले, पाहुणी होऊन कधी आलेच नाही. म्हटलं, निरोप तरी नीट घ्यावा. प्यायले. डोळे मिटले आणि तुझं पत्र आठवून ती निघून जायची वाट बघत बसले.

ती जाईना. मी मनातल्या मनात शंभर मोजले. गमबूट काढले, परत घातले. जाळी धुतली. ती घशात बसूनच होती, आणि मला हसू यायला लागलं. पोटातून, थांबवता येत नाही असलं हसू. मामा, मी आयुष्यात तुझा शब्द कधी खाली पडू दिलेला नाही. आज पडू दिला, निम्मा तुझ्यामुळे आणि निम्मा बिअरमुळे.

तेवढ्यात मास्तर आले. ओली जाळी बघितली, ग्लास बघितला.

"तीन बाटल्या बाहेर गेल्या," ते म्हणाले.

"हो."

"बाहेरच्याने काय सांगितलं?"

"ओता."

"कोण आहे तो?"

"माझा मामा. एक्केचाळीस वर्षं चहा चाखलाय. त्याच्यासारखी जीभ मी पाहिलेली नाही."

"आणि तू काय म्हणतेस?"

मी म्हटलं, "भरा."

त्यांनी माझ्या हातातला ग्लास घेतला आणि उरलेली सगळी पिऊन टाकली. मग म्हणाले, "फळीवर नऊ नाहीत, आठ आहेत. नववी मी गेल्या रविवारी घरी नेली." मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंत, माझा जीव गेला असता. तर म्हणतात, "ज्याची टाकी, त्याची जीभ." आणि हसले. मास्तरांना दात आहेत हे मला आज कळलं.

तर एक बादली उंदरांना गेली, बाकीची उद्या सकाळपासून भरायला घेतोय. बाटल्या भरणाऱ्या दोघींनी एक एक ग्लास घेतला आणि आता त्या लेबलं उलटी चिकटवतायत. मामीचे तीन फोन येऊन गेलेले दिसतायत. पण आधी हे पत्र पेटीत टाकणार, मग फोन करणार. तुझा आवाज ऐकला तर मी पहिलं वाक्य बदलीन.

रागावलास तर रागाव, पण मला नकटी म्हणणं सोडू नकोस.

तुझी नकटी

२५ फेब्रुवारी

चि. नकटी हीस,

गेले पाच दिवस या घरात माझी जी शोभा चालली आहे ती फोनवर तू ऐकलीच आहेस. मामी तुझं पत्र शिक्षिकाबाईंना दिवसातून दोनदा वाचून दाखवते आणि 'तू चुकलास' इथे थांबून माझ्याकडे बघते. बादली तिने घासून दारात उलटी ठेवली आहे, येणाऱ्या प्रत्येकाला तिची हकीकत सांगता यावी म्हणून. मी सगळं ऐकून घेतो. गुरूंचं वाक्य मी नोकरीची एक्केचाळीस वर्षं आणि वर चार सांभाळलं, आणि गुरू चहाबद्दल बोलत होते हे एकदाही ध्यानात घेतलं नाही.

पण एक गोष्ट तुला फोनवर सांगितली नाही, ती लिहितो. शुक्रवारी सकाळी मामीने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला आणि हाताची घडी घालून समोर बसली. मी एक भुरका मारला. सवयीने तोंडावर आलं होतं, साखर कमी आहे. गिळलं, शब्द आणि चहा दोन्ही. मग पुढचा घोट घेतला, मग त्याच्या पुढचा. तळाशी पोचलो तर तिथे साखर होती. ती मुद्दाम ढवळत नाही, नकटे. शेवटचा घोट गोड लागावा म्हणून ती साखर तळाशी ठेवते, तिच्या आईने तिला तसं शिकवलं होतं. सदतीस वर्षं तो घोट रोज कपात थंड होत होता आणि मी वरच्या वर निकाल देत होतो. मी दुसरा कप मागितला. ती आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आज तुझी पहिल्या भरण्यातली बाटली आली. लेबल उलटं आहे, म्हणून ओळखली. आता चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. ग्लास माझ्याकडे, फुलदाणी मामीकडे. बादली दाराबाहेर आहे. लिहीत लिहीतच घेतो, म्हणजे थाप मारता येणार नाही.

चार दहा. गिळली.

चार अकरा. नकटे, हे काय आहे? घशात दिवा लावल्यासारखं झालंय. मी याला 'कोरडाच्या कोरडा' असं लिहिलं होतं.

चार सोळा. कडू गेलं असं वाटलं, तर मागून गोड आलं. मामी विचारते, मिळाला का शेवट? मी म्हटलं, शोधतोय. ती म्हणते, मजा येते ना?

चार सव्वीस. आहे. मला कोणाला तरी फोन करावासा वाटतोय, पण माझ्या ओळखीचे सगळे चहावाले आहेत. शिक्षिकाबाई ग्लास मागायला आल्या, मी दिला नाही.

तू माझं ऐकलं नाहीस ते फार बरं केलंस. मी तुला अकरा डबे हुंगायला लावले तेव्हा माझ्या मनात हेच होतं, की एक दिवस हिला माझी गरज पडू नये. तो दिवस आला तेव्हा मी चुकीच्या बाजूला उभा होतो, एवढंच. मला अभिमान वाटतो. हे लाजून लिहिलेलं नाही.

गिळतो तो गिऱ्हाईक. तर तुला एक गिऱ्हाईक मिळालं असं समज, आणि दोन पेट्या पाठव. एक मामीची आहे.

पाच वाजले. पाकीट बंद करून पेटीत टाकायला निघतो. अजून आहे.

तुझा मामा

ता. क. मी मामी. हे पेटीपर्यंत गेले, तिथून परत आले, पाकीट पुन्हा फोडलं आणि मला म्हणाले, लिही: साडेपाच, अजून आहे.